सत्तावीस ताटांचं घर

गुरुवार, 24 डिसेंबर 1964. दुपारची लोकल विरारला येऊन थांबते आणि तुम्ही फलाटावर उतरता. तुमच्या काळातलं काहीही सोबत घेऊ नका. मोबाइलचा इथे उपयोग नाही आणि पाचशेची नोट दाखवलीत तर नसत्या चौकश्या होतील. खिशात दोन-तीन रुपयांची नाणी असली की पुरे.

तुमच्याच गाडीतून लाल लुगड्यातल्या बायका उतरतात. डोक्यावरच्या टोपल्या रिकाम्या, एकीत एक घातलेल्या. पहाटे याच टोपल्यांतून भाजी, केळी आणि फुलं मुंबईच्या बाजारात गेली होती. 1936 साली विरारपर्यंत विजेची गाडी धावू लागली आणि वसईच्या वाड्यांना मुंबईचा बाजार आणखी जवळ आला. या बायकांच्या मागोमाग स्टेशनबाहेर पडा आणि पश्चिमेकडे जाणारी एसटी पकडा. आपल्याला नंदाखालला जायचं आहे.

रस्ता केळीच्या बागांमधून जातो. मध्येच एखादं बावखळ दिसतं, पावसाचं गोडं पाणी वर्षभर धरून ठेवणारं, काठावर झाडांची दाटी. कुठे रेडा रहाट ओढत गोल फिरतोय, गाडग्यांची माळ विहिरीतून वर येऊन पाटात पाणी ओतते आहे. त्या पाण्यावर केळी, विड्याच्या पानांचे मळे आणि भाजी पिकते. पोर्तुगिजांनी 1534 साली वसई घेतली आणि 1739 साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. पोर्तुगीज सत्ता गेली, पण मधल्या दोनशे वर्षांत ज्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला ती शेतकरी कुटुंबं इथेच राहिली. त्यांची वाडी, त्यांची भाषा आणि लग्नात गायची गाणीही राहिली. नंदाखालच्या पवित्र आत्म्याच्या चर्चची स्थापना 1573 सालची. त्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर तुमचं घर आहे.

कौलारू, लांबट घर. अंगणात चुन्याने रंगवलेला क्रूस, त्याच्या पायथ्याशी झेंडूची फुलं. अंगण आजच सारवलंय, शेणाचा वास ताजा आहे. ओटीवर आजोबा बसलेत, पांढरं धोतर, अंगात बंडी. तुम्ही त्यांच्या शिक्षक मुलाचे मुंबईचे स्नेही आहात, एवढी ओळख पुरते. "या, बसा. पाणी आणा गं," असं ते आत ओरडून सांगतात. घरातली माणसं आपसात कादोडी बोलतात. ही सामवेदी ख्रिस्ती लोकांची बोली. निम्मी कळेल, निम्मी अंदाजाने घ्या. तुमच्याशी मात्र ती शाळेतली मराठी बोलतील.

आता माणसं मोजा, कारण या घरात सगळं मोजणीवर चालतं. आजी-आजोबा, आजोबांची विधवा बहीण, चार मुलगे, चार सुना, लग्नाला आलेली धाकटी मुलगी आणि पंधरा नातवंडं. सत्तावीस ताटं. एक मुलगी भुईगावला दिलेली, एक सिस्टर होऊन लांबच्या कॉन्व्हेंटात गेलेली. आजीची अकरा बाळंतपणं झाली, सात मुलं जगली. उरलेल्या चौघांची नावं ती रोज रात्री प्रार्थनेत घेते. घरं इतकी मोठी का होती याची कारणं या एका बाईच्या आयुष्यात सापडतात. मुलं दगावत. वाडीला हात लागत. जमीन वाटायची नाही असा घराचा हट्ट होता. आणि मूल ही देवाची देणगी, ती नाकारायची नाही, अशी चर्चची शिकवण होती. त्या शिकवणीचा भार बाईच्या अंगावर किती पडत होता, हे विचारायला तेव्हा फारसं कुणी नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारात तुम्हाला पाट मिळेल. तिथेच बसा, कारण नाताळ तिथे घडतो आहे.

थोरल्या सुनेने दुपारीच मैदा, अंडी आणि नारळाचं दूध एकत्र मळून, आंबवायला थोडी ताडी घालून पातेलं चुलीच्या उबेला ठेवलं होतं. आता ते पीठ फुगून झाकणाला लागलंय. कढईत तेल तापलं आहे. ती डावा हात पाण्यात बुडवते, पातेल्यातून मूठभर सैल पीठ उचलते आणि मूठ आवळते. अंगठा आणि तर्जनीच्या मधून पिठाचा गुळगुळीत गोळा वर येतो. उजव्या हाताच्या ओल्या बोटांनी ती तो कापल्यासारखा उचलते आणि तेलात सोडते. गोळा बुडतो, वर येतो, फुगतो आणि खालची बाजू भाजली की आपोआप उलटा होतो. झाऱ्याने फक्त थोडा धक्का द्यायचा. असे एका वेळी आठ-दहा. हे फुगे. सकाळी मटणाच्या रश्श्याबरोबर हेच खायचे आहेत, आणि माणशी चारचा हिशेब धरला तरी शंभराच्या वर करावे लागतात. ती तासभर उकिडवी बसलेली आहे. घाम पुसायला कोपर वापरते, कारण दोन्ही हात ओले आहेत.

दुसरी सून करंज्या मुरडते आहे. आठ वर्षांपासून चौदापर्यंतच्या मुली कुलकुल करायला बसल्यात. पिठाची लहान गोळी फणीच्या पाठीवर दाबायची, अंगठ्याने पुढे सरकवायची, की ती शिंपल्यासारखी रेघा घेऊन गुंडाळली जाते. या फण्या त्यासाठीच घेतलेल्या, केसांना न लावलेल्या. यंदा धान्याची टंचाई आहे, साखर जपून वापरावी लागते. दोन महिने चहात गूळ घालून आजीने ही साखर बाजूला काढली. मसाल्याचं मात्र तसं नाही. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, भाजून, उखळात कुटून बरण्या भरून ठेवल्या आहेत. मे महिन्यात चार सुनांच्या तळहातांची आग झाली, म्हणून आज डिसेंबरात रश्श्याला रंग चढतो.

परसदारी माचावर राजेळी केळी वाळत घातलेली दिसतील. सोललेली, रोज उन्हात ठेवायची आणि संध्याकाळी आत घ्यायची. आठवडाभरात ती तांबूस आणि चिवट होतात, मग केळीच्याच सुक्या पानात घट्ट बांधतात. ही वसईची सुकेळी. एक तोंडात टाका. आजी बघत असली तर दुसरी देईलच.

अंगणाच्या कोपऱ्यात मुलगे गोठा उभारताहेत. दहा दिवसांपूर्वी त्यांनी पसरट डब्यांत नाचणी पेरली होती, ती आता बोटभर उंच हिरवीगार झाली आहे. ती म्हणजे बेथलेहेमची शेतं. बेथलेहेममध्ये रहाटही आहे, बांबूच्या काड्यांचा. मेंढरांबरोबर रेडाही आहे, कारण रेड्याशिवाय शेत कसं चालणार? गव्हाण रिकामी आहे. बाळ येशूची मूर्ती आजीच्या पेटीत, रुमालात गुंडाळलेली, मध्यरात्रीपर्यंत कुणी हात लावायचा नाही. वरच्या फांदीला बांबूच्या कामट्यांचा आणि पतंगी कागदाचा तारा बांधलेला, आत पणती. या घरात अजून वीज आलेली नाही. त्यामुळे अंधार पडला की तो तारा फार लांबून दिसतो.

सूर्य मावळताना चर्चची घंटा होते आणि सगळं घर जागच्या जागी थांबतं. थोरल्या सुनेचा हात कढईवर थांबतो. वाडीत आजोबांनी कुदळ टेकवली असणार. देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाची ही प्रार्थना, सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशी दिवसातून तीनदा. घड्याळ घरात एकच आहे, शिक्षक काकांच्या मनगटावर. बाकी सगळ्यांचा दिवस या घंटेवर चालतो.

मग जपमाळ. माजघरात येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, तिच्यापुढे दिवा. सगळे गुडघ्यांवर. तुम्हीही बसा. ख्रिस्ती नसलात तरी कुणाची हरकत नाही, हात जोडून बसलात की झालं. आज गुरुवार, म्हणून आनंदाची रहस्यं. त्यातलं तिसरं ख्रिस्तजन्माचं, आणि आजच्या रात्री ते म्हणायची पाळी आजी दुसऱ्या कुणाला देत नाही. दहा वेळा 'नमो मरिये'. अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली सगळ्यांनी. चौथ्या दशकाला लहान पोरं पेंगू लागतात. पाठीमागून कुणाचा तरी हात येतो आणि मान सरळ करतो. शेवटी नावं घेतली जातात: गेलेली चार लेकरं, आजोबांचे आईबाप, कॉन्व्हेंटातली मुलगी, आणि यंदा मे महिन्यात गेलेले पंडित नेहरूही. प्रार्थना संपली की लहानांपासून मोठ्यांपर्यंत सगळे रांगेने वडीलधाऱ्यांपुढे जातात, हात जोडतात, आशीर्वाद मागतात. सकाळी ज्या दोघी सुनांचं पाण्यावरून वाजलं होतं, त्यांनाही एकाच रांगेत उभं राहावं लागतं. एवढ्या माणसांचं एक घर रोज रात्री पुन्हा सांधलं जायचं ते या रांगेत, असं माझं मत आहे.

ओटीवर आता गप्पा रंगतील त्या पोपच्या. तीन आठवडेच झालेत. पोप सहावे पॉल 2 डिसेंबरला मुंबईत उतरले, आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी. भारतात आलेले ते पहिले पोप. शिक्षक काका ओव्हल मैदानावर जाऊन आले. लांबून एक पांढरा ठिपका दिसला, पण तो दिसला, हे ते पुन्हा सांगतात आणि पुन्हा सगळे ऐकतात. पोपनी गेल्याच महिन्यात एक नियमही बदलला. ख्रिस्तशरीर घेण्याआधी पूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. मग 1957 साली तीन तासांचा उपास आला आणि आता 21 नोव्हेंबरपासून एक तासाचा. काका हे समजावून सांगतात. आजी ऐकून घेते. "पोपसाहेबांचं खरं," ती म्हणते, "पण माझ्या आयेने मला जसं शिकवलं तसंच मी करीन." ती संध्याकाळपासून काही खाणार नाही. तिला समजावण्याच्या भरीस पडू नका.

रात्री अकराला कंदिलांची रांग वाडीतून निघते. मागे वळून बघा. तिसरी सून दारात उभी आहे, कडेवर तीन महिन्यांचं मूल. गोठ्यात म्हैस व्यायला झाली आहे, आजारी आतेआजी खाटेवर आहे. ती आता येणार नाही. नाताळला तीन मिस्सा असतात, मध्यरात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. पहाटेच्या मिस्सेला ती जाईल आणि तेव्हा दुसरी कुणी घरी थांबेल. कोण कुठल्या मिस्सेला जाणार याचं वाटप चार दिवसांपूर्वीच झालंय.

चर्च भरून वाहतंय. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, डोक्यावर पदर, लाल लुगड्यांची एकच एक ओळ. पुढे जमिनीवर पोरं. फादर वेदीकडे तोंड करून उभे आहेत. मिस्सेची मुख्य प्रार्थना अजून लॅटिनमध्येच आहे, प्रवचन मराठीत. रोममधल्या व्हॅटिकन परिषदेचं काम अजून चालू आहे, लोकांच्या भाषेत उपासना करायची वाट मोकळी झाली आहे, आणि काहीच वर्षांत इथली वेदी लोकांकडे वळेल, सगळी मिस्सा मराठीत होईल. आज शेजारी बसलेल्या आजींना त्याची कल्पना नाही. त्यांना लॅटिनचा अर्थ सांगता येणार नाही, पण कुठल्या शब्दाला उठायचं, कुठे गुडघे टेकायचे, यात त्या एकदाही चुकत नाहीत. तुम्ही त्यांच्याकडे बघून उठा-बसा. बाराला घंटा सुरू होतात, सगळ्या एकदम. गव्हाणीत बाळाची मूर्ती ठेवली जाते. तुमच्या पुढची लहान मुलगी, जी आतापर्यंत झोपलेली होती, ती आईच्या खांद्यावर चढून बघते आणि मोठ्याने विचारते, "झाला का जन्म?"

शुक्रवार उजाडतो. एरवी शुक्रवारी या घरात मांस शिजत नाही, पण शुक्रवारीच मोठा सण आला तर चर्चचा नियम मोकळीक देतो. त्यामुळे चुलीवर मटण आहे आणि दुसऱ्या चुलीवर डुकराचं, आंबट-तिखट. सकाळपासून तबकं निघतात. करंज्या, कुलकुल, सुकेळी, वर विणलेला रुमाल. पहिलं तबक शेजारच्या हिंदू घरी जातं, कारण दिवाळीत तिकडून फराळ आला होता. तबक रिकामं परत येत नाही. कधी पेरू येतात, कधी नुसती साखर. भुईगावची मुलगी नवऱ्याला आणि पाच मुलांना घेऊन येते. धर्ममुलं आपापल्या धर्ममातेला भेटायला येतात. बाप्तिस्म्याच्या वेळी ज्यांनी मूल हातात धरलं, त्यांचं नातं रक्ताच्या नात्याइतकंच पाळलं जातं, आणि गावातल्या निम्म्या घरांशी या घराचं असं काही ना काही नातं आहे. दुपारी ताटं सदतीस होतात.

पंगत तीनदा बसते. आधी मुलं, मग पुरुष आणि पाहुणे, मग बायका. तुम्हाला दुसऱ्या पंगतीत बसवतील. थोरली सून वाढताना तोंडाने काही बोलत नाही, पण तिचे डोळे पातेल्यावर आहेत. सदतीस ताटांना रस्सा पुरला पाहिजे, आणि पहिल्या पंगतीला कमी पडतंय असंही वाटता कामा नये. हे गणित तिला कुणी शाळेत शिकवलेलं नाही. ती चौथीपर्यंत शिकली. धाकट्या भावंडांना सांभाळायला हवं म्हणून तिला घरी बसवलं. पुढे त्याच भावंडांपैकी एक मराठी शाळेचा हेडमास्तर झाला. चार वाजता ती जेवायला बसते तेव्हा मटणातला रस्सा उरलेला असतो, फोडी नसतात. तुम्ही पाहुणे आहात, तुम्हाला ते बघून बोलता येणार नाही. पण बघा.

त्यानंतर कॉन्व्हेंटातल्या मुलीचं पत्र वाचलं जातं. काका वाचतात. ती सुखरूप आहे, दवाखान्यात काम करते, सगळ्यांसाठी प्रार्थना करते. पत्र एक पानाचंच आहे. या किनाऱ्यावरच्या गावांनी किती मुलगे फादर म्हणून आणि किती मुली सिस्टर म्हणून दिल्या, याचा सगळ्यांना अभिमान आहे, आणि तो खरा आहे. आजी पत्र मागून घेते. तिला वाचता येत नाही. ती ते पेटीत ठेवते, काल जिथे बाळाची मूर्ती होती त्या जागी.

संध्याकाळी बोलणं लग्नाकडे वळतं. नाताळाआधीच्या आगमनकाळात चर्चमध्ये लग्नं थाटामाटात लागत नाहीत आणि 3 मार्चला राखेचा बुधवार आला की पुन्हा ईस्टरपर्यंत थांबावं लागेल. म्हणून धाकटीचं लग्न जानेवारीच्या अखेरीस. त्याआधी तीन रविवार चर्चमध्ये नावांची घोषणा होईल, कुणाची हरकत असेल तर सांगायला. मांडव केळीच्या खांबांचा. तांदूळ निवडायला, मसाला कुटायला आळीतल्या बायका आठवडाभर येतील आणि हात चालू असताना गातील. त्या गाण्यांत नवरीची आई, मामा, विहीर, वाडी सगळं येतं. ही गाणी वहीत नाहीत, या बायकांच्या तोंडी आहेत. नवरी कोपऱ्यात बसून ऐकते आहे. तिला मुलगा पसंत आहे, असं वहिनीने हळूच सांगितलं. वाडी सोडून जायचं तिच्या जिवावर आलं आहे, हे मात्र तिने कुणालाच सांगितलेलं नाही.

बाकीचं वर्ष तुम्हाला राहून बघता येणार नाही. उपवासकाळात हे घर गप्प होतं, गाणी बंद, मांस बंद. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झावळ्या घरी येऊन तसबिरीमागे खोचल्या जातात. पावसात पेरणी, मग आवणी, मग नव्या भाताची कृतज्ञता. मधे बाप्तिस्मे, एखादं मरण. दर वेळी तीच माणसं, तीच पातेली. मोठ्या कुटुंबाची आठवण आपण हळवेपणाने काढतो, ती काढावीही. या घरात म्हातारं माणूस एकटं पडलं नाही, अनाथ झालेलं पोर उपाशी झोपलं नाही. पण हा सगळा डोलारा चार-पाच बायकांच्या मनगटांवर उभा होता, आणि त्यांना विचारून तो उभारलेला नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यातली एकच सांगणारा माणूस या घरात नीट राहिलेला नाही.

शनिवारी, 26 डिसेंबरला, तुम्हाला परतायचं आहे. पहाटे तीनला थोरली सून उठलेली असेल. सण काल संपला, आज बाजार आहे, आणि पहिली गाडी कुणासाठी थांबत नाही. अंगणात तीन टोपल्या भरून ठेवल्यात: केळी, वांगी, अबोलीचे गजरे. दोघी निघाल्यात, तिसरीचं मूल रात्रभर रडलं म्हणून ती मागे राहते आहे. स्टेशन लांब आहे. तुम्ही दोन दिवस पाटावर बसून जेवलात. आता ती तिसरी टोपली तुम्ही उचला.